गाडी मागं घेण्याची धास्ती आणि तिच्यावरचा उपाय



या पानावर आम्ही दर अंकात बेणं, खत, पाणी आणि खोडवा यांच्याबद्दल लिहीत असतो. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे. तो आहे मालाचा ट्रक गोदामाच्या धक्क्याला मागं लावण्याचा. ऊस विकास अधिकाऱ्याने ट्रकवर कशाला लिहावं, असं कुणी म्हणेल. पण आम्ही गावोगाव शेतं बघत हिंडतो तेव्हा नुसता ऊसच दिसतो असं नाही, घरंही दिसतात. जमिनीच्या वाटण्या होऊन घरटी दोन-अडीच एकर उरलं, की एक भाऊ शेतावर राहतो, एक कंपनीत जातो आणि एक स्टेअरिंगवर बसतो. हंगामात ऊस ओढायचा, पट्टा पडला की साखरेची पोती, पशुखाद्य, कांदा, मिळेल तो माल भरून घाट उतरायचा. गाडी कर्जाची असते, हप्ता ऊसबिलाच्या भरवशावर असतो. म्हणजे तो ट्रक नीट चालला तर ऊसही नीट राहतो. तेव्हा हा विषय आपल्या पानाबाहेरचा नाही.

घाट उतरला की रायगड जिल्ह्यातले खालापूर आणि कर्जत हे तालुके लागतात. (कर्जत म्हटल्यावर आपल्याकडे काहींना अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत आठवेल. ते नव्हे. हे भाताच्या संशोधनासाठी नावाजलेलं, घाटाच्या पायथ्याचं कर्जत.) इथं ऊस नाही, भात आहे. पण मुंबई-पुण्याचा जुना रस्ता, २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, पाताळगंगेची औद्योगिक वसाहत, खोपोलीचे कारखाने आणि उरणजवळचं १९८९ साली सुरू झालेलं न्हावाशेवा बंदर, या सगळ्यांमुळे भातखाचरांच्या कडेला गोदामं उभी राहिली आहेत. सावरोली-खारपाडा रस्त्याने किंवा चौकाकडून कर्जतकडे जाताना पाहावं, पत्र्याच्या उंच शेडी आणि त्यांच्यापुढं ट्रकांच्या रांगा दिसतात.

आपल्या पोरांना घाटाची भीती वाटत नाही. खाली गिअरवर गाडी धरून ती घाट उतरतात. टोलनाक्यावरची गर्दी त्यांना जड जात नाही. त्यांचा घाम निघतो तो शेवटच्या साठ फुटांत, गाडी मागं घेऊन धक्क्याला लावताना.

धक्का म्हणजे काय

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गोदामाची जमीन आवारापेक्षा साधारण चार फूट उंच केलेली असते, ट्रकच्या पाट्याच्या बरोबरीला येईल अशी. तिच्या कडेला ओळीने दरवाजे असतात. ट्रकची पाठ त्या दरवाजाला चिकटली, की माथाडी कामगार किंवा मालाची उचलगाडी सरळ गाडीत शिरते आणि माल उतरतो. या जागेलाच कुणी धक्का म्हणतं, कुणी डॉक. गाडी आठ फूट रुंद. शेजारच्या दोन दरवाजांना दुसऱ्या गाड्या आधीच लागलेल्या. मधे उरतं दहा-अकरा फुटांचं बोळकं. त्यात वीस किंवा चाळीस फूट लांब कंटेनर, मागचं काही न दिसता, उलटा घालायचा. वर पुढच्या गाड्यांचे हॉर्न, पहारेकऱ्याचा आरडाओरडा आणि आजूबाजूला उभे राहून बघणारे अनुभवी ड्रायव्हर.

नवख्याला इथं काय होतं? तळहात ओले होतात. क्लचवरचा डावा पाय थरथरायला लागतो. नजर एकाच आरशाला खिळते, दुसरा आरसा आहे हेच आठवत नाही. दहा माणसं दहा सूचना देतात, त्यातली शेवटची कानावर पडलेली सूचना तो पाळतो. आणि लवकर सुटका व्हावी म्हणून पाय अॅक्सिलेटरवर जातो. आमचं म्हणणं एवढंच आहे, की यात भित्रेपणा कुठेच नाही. हा घाईचा रोग आहे, आणि घाई त्याची स्वतःची नसते, ती बघणाऱ्यांनी त्याच्या अंगावर टाकलेली असते.

एका घरातली गोष्ट

आपल्या एका सभासदाच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी दहा चाकी गाडी घेतली. नाव-गाव देत नाही, देण्याची गरजही नाही. एके दिवशी वडील आमच्या गट कार्यालयात आले. विचारत होते, की गाडी विकली तर कर्जाचं कसं करायचं, उरलेला हप्ता ऊसबिलातून किती हंगाम कापून घेता येईल. आम्ही म्हटलं, गाडीला भाडं नाही का? तर म्हणाले, "भाडं लागंल तेवढं हाय, साहेब. पण पोरगं खाली जायला तयार न्हाई. घाबरट नव्हतं हो ते. परसाच्या विहिरीत वरून मुटका मारणारं पोरगं. पण तिथं गाडी मागं घ्यायची म्हटलं की जेवण जात न्हाई त्याला."

मुलाला बोलावून घेतलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला घाटाखालच्या एका गोदामात तो गाडी मागं घेत होता. क्लीनर हा गावातलाच, सतरा-अठराचा पोरगा. तो बरोबर गाडीच्या मागं, धक्क्याच्या भिंतीला पाठ लावून उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता. कडेचे दोघेजणही ओरडत होते, त्यात क्लीनरचं "थांब" ऐकू आलं नाही. पोरगा चपळ, दोन्ही हात टेकून धक्क्यावर चढला, आणि त्याच क्षणी फाळका भिंतीवर आदळला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माल उतरला, पावती मिळाली, भाडंही मिळालं. कागदोपत्री काहीच घडलं नव्हतं.

पण त्या दिवसापासून ह्याला आरशात भिंत दिसली की तो पोरगा दिसायचा. मग त्याने एक युक्ती काढली. गोदामाच्या फाटकापाशी थांबायचं आणि ओळखीच्या ड्रायव्हरला दोनशे रुपये देऊन त्याच्याकडून गाडी लावून घ्यायची. कुणी ओळखीचं नसलं तर इतर गाड्या जाईपर्यंत दोन-दोन तास रस्त्याच्या कडेला बसून राहायचं. पुढं पुढं खालचं भाडंच नको म्हणायला लागला. घरी कुणाला बोलला नाही. सांगणार तरी काय? ड्रायव्हर आहे आणि गाडी मागं घेता येत नाही?

बंधूंनो, आपल्या घरातही असं कुणी गप्प बसलेलं असेल. म्हणून ही गोष्ट इथं लिहिली.

मागं जाणं उलटं का वाटतं

आपल्याला बैलगाडीचा अनुभव आहे. बैल पुढं ओढतो, मागं ढकलत नाही. गाडी मागं घ्यायची तर गाडीवान खाली उतरतो, बैलांच्या तोंडापुढं होतो, जू धरून रेटा देतो, नाहीतर सरळ बैल सोडून चाकाला हात घालतो. गाडीवर बसून कुणी गाडी मागं घेत नाही. ट्रक माणूस बसल्या जागेवरून मागं नेतो, हीच मुळात अवघड गोष्ट आहे.

पुढं जाताना वळणारी चाकं आपल्या पुढ्यात असतात. मागं जाताना न वळणारी चाकं आघाडीला येतात आणि वळणारी चाकं पिछाडीला जातात. म्हणून शेपूट उजवीकडे वळवली की तोंड डावीकडे फाकतं. मागं बघण्याच्या नादात पुढचा डावा कोपरा शेजारच्या गाडीचा आरसा उडवतो तो यामुळे.

साध्या ट्रकची शेपूट ज्या बाजूला स्टेअरिंग फिरवाल त्या बाजूला जाते. जोडगाडीचं, म्हणजे ट्रेलरचं, याच्या नेमकं उलट. शेपूट उजवीकडे न्यायची तर आधी स्टेअरिंग डावीकडे, आणि ट्रेलर वळायला लागला की लगेच त्याच्या पाठोपाठ उजवीकडे. उसाची एक ट्रॉली लावून ट्रॅक्टर मागं घेतलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही, त्याच्या हातात ते असतं. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या तर कसलेला ड्रायव्हरही त्या मागं घेण्याच्या भानगडीत पडत नाही, मागची सोडून देतो. त्याला कुणी नवशिका म्हणत नाही. जे जमणारं नाही ते आधी ओळखणं हासुद्धा कसबाचाच भाग आहे.

या घाटात आगगाडीही उलटी चालत असे

गंमत अशी, की ज्या बोरघाटातून आपली पोरं उतरतात, त्या घाटात मागं फिरण्याची परंपरा मोठी जुनी आहे. कर्जतहून वर चढणारा रेल्वेमार्ग १८५६ साली बांधायला घेतला आणि १८६३ साली तो सुरू झाला. चढ काही ठिकाणी सदतीस फुटाला एक फूट असा. वर खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराने वळायला जागाच दिली नाही. तेव्हा इंजिनिअरांनी तिथं एक उलट फिरण्याचं स्टेशन बांधलं. गाडी तिथं येऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मागचा डबा पुढचा होऊन गाडी वर निघायची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवे बोगदे होऊन मार्ग सरळ होईपर्यंत साठाहून अधिक वर्षं हे चाललं.

आजही कर्जतला बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना चढण चढण्यासाठी मागून जादा इंजिनं जोडतात. पुढच्या ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, मागच्याला पुढचं दिसत नाही. म्हणून खुणा आधीपासून ठरलेल्या असतात. खूण मिळाल्याशिवाय कुणी मनाने रेटा देत नाही.

आपल्या एसटीतही तीच रीत आहे. स्टँडात गाडी मागं घ्यायची झाली की कंडक्टर खाली उतरतो आणि शिटी वाजवतो. चालक वीस वर्षं मुरलेला असला तरी उतरतो. त्यात चालकाला कमीपणा वाटत नाही, कारण तो नियमच आहे. मग ट्रकच्या पोरालाच का वाटावा? एवढ्या मोठ्या रेल्वेने आणि एसटीने जे कबूल केलं, की मागचं एकट्याला दिसत नाही, ते आपल्या पोरानेही खुशाल कबूल करावं.

काय करावं

आपल्या भागातल्या एका निवृत्त एसटी चालकाला आणि साखर वाहणाऱ्या काही जुन्या ड्रायव्हरांना विचारून आम्ही पुढील गोष्टी टिपून घेतल्या. पान कापून गाडीत ठेवलं तरी चालेल.

१. आधी पायी जा. फाटकापाशी गाडी कडेला घ्या, लघवी-पाणी उरका, दरवाजाचा नंबर विचारा आणि क्लीनरला घेऊन धक्क्यापर्यंत चालत जाऊन या. खाली खड्डा, लोखंडी खांब, पडलेली फळी बघा. वर शेडीचा पत्रा, तार, झाडाची फांदी बघा. आवार धक्क्याकडे उतरतं असेल तर गाडीचा माथा शेपटीच्या आधी भिंतीला लागतो, हे ध्यानात ठेवा.

२. कंटेनरचे दरवाजे आधी उघडा. धक्क्याला पाठ लागल्यावर ते उघडत नाहीत. उघडून कडेला नीट अडकवा. साध्या गाडीचा फाळका, ताडपत्री, दोरही आधीच बघा.

३. धक्का उजव्या हाताला घ्या. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. धक्का उजव्या अंगाला ठेवून गाडी पुढं काढली, तोंड डावीकडे फाकवलं आणि मग मागं घेतली, तर खिडकीतून मान काढून स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. डाव्या अंगाने घेतली तर सगळा भरवसा एका आरशावर. आवारातल्या वाहतुकीच्या नियमात बसत असेल तर एक फेरी मारून यावं लागलं तरी उजवीकडूनच घ्या.

४. गाडी सरळ होते ती पुढं घेताना. जुने लोक म्हणतात, मागं घेण्याचं निम्मं काम पुढं असतानाच झालेलं असतं. नांगराचा पहिला तास वाकडा गेला तर पुढचे सगळे वाकडे जातात, तसंच हे.

५. अॅक्सिलेटरवरून पाय काढा. सपाट आवारात रिकाम्या चालीवर रिव्हर्स गिअरमधे गाडी माणसाच्या पावलाने सरकते. तेवढी पुरे. स्टेअरिंगही थोडं थोडं फिरवा. क्लच अर्धवट दाबून धरू नका, प्लेट जळते आणि पायाची थरथर वाढते. सारखे ब्रेक मारून हवेचा काटा खाली आला तर थांबा, हवा भरू द्या.

६. दोन्ही आरसे आळीपाळीने. उजव्या आरशात मागचं चाक आणि जमिनीवरची पिवळी रेघ धरा. चार वेळा उजवीकडे पाहिलं की एकदा डावीकडे आणि एकदा पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे.

७. बोलणारा माणूस एकच. तो क्लीनर असो वा गोदामाचा माणूस. त्याने ड्रायव्हरच्या बाजूला, गाडीच्या रेषेबाहेर, आरशात दिसेल असं उभं राहावं. गाडी आणि भिंत यांच्या मधे कधीही नाही. एक शिटी म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. आणि सर्वांत मोठा नियम हा, की तो आरशातून दिसेनासा झाला त्या क्षणी गाडी थांबली पाहिजे. खिडकीची काच खाली, रेडिओ आणि मोबाईल बंद.

८. पुढं घ्यायला लाजू नका. वाकडी जाते असं वाटलं की थांबा, पुढं घ्या, सरळ करा, पुन्हा मागं या. एकदा, तीनदा, पाचदा. शंका आली तर हँडब्रेक ओढून उतरा आणि बघून या.

९. लागल्यावर हँडब्रेक, इंजिन बंद, चाकाखाली गुटका. उचलगाडी आत-बाहेर करताना ट्रक हातभर जरी पुढं सरकला तरी ती मधल्या फटीत कोसळते. किल्ली काढून खिशात ठेवा.

कॅमेरा आणि भोंगा असलेल्या गाड्या आता आल्या आहेत. ते चांगलंच आहे. पण कॅमेऱ्याला डोक्यावरचा पत्रा दिसत नाही आणि त्याच्या भिंगावर चिखल बसतो. घाटाखालचा पावसाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. जून ते सप्टेंबर आरसे पुसायला एक कोरडं फडकं हाताशी असावं. रात्री धक्क्यावर लख्ख दिवे आणि आवारात काळोख असतो, अशा वेळी डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं नुसतं बसून राहावं. त्यात काही बिघडत नाही.

सराव कुठं करायचा

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे लायसनच्या परीक्षेत अरुंद जागेत उजवीकडे किंवा डावीकडे गाडी मागं घालून दाखवण्याची अट आहे. कायद्याने माल वाहतुकीची गाडी चालवायला वय वीस पूर्ण लागतं, आणि त्याआधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन असावं लागतं. पण परीक्षेच्या मोकळ्या मैदानात एकदा मागं घेणं वेगळं आणि भरल्या आवारात, भरल्या गाडीनिशी घेणं वेगळं.

ट्रेमधली उसाची रोपं आपण सावलीतून काढून एकदम शेतात लावत नाही. आठवडाभर उन्हात ठेवतो, पाणी जरा तोडतो, मगच लावतो. तसं न केलं तर ती माना टाकतात, आणि आपण म्हणतो बेणं वाईट. पोरांचंही तेच चाललं आहे. लायसन आलं, कर्ज झालं, नारळ फुटला, आणि पहिल्याच आठवड्यात पोरगं घाटाखालच्या धक्क्यावर. तिथं त्याने मान टाकली तर दोष बेण्याचा नाही.

उपाय स्वस्त आहे. चार बांबू, त्यांना बांधलेली जुनी पोती, आणि एक मोकळी जागा. गाळप संपल्यावर आपल्या कारखान्याचं ऊस आवार रिकामं पडलेलं असतं. रोज सकाळी अर्धा तास, रिकामी गाडी. पहिले चार दिवस बांबू चौदा फुटांवर, मग बारा, मग दहा. मागच्या बाजूला पोत्यांची थप्पी म्हणजे झाला धक्का. तिथं बघे नसतात, हॉर्न नसतो, बांबू पडला तर उचलून पुन्हा उभा करता येतो. नवव्या-दहाव्या दिवशी एखाद्या जुन्या ड्रायव्हरला बाजूला उभं करून मुद्दाम ओरडायला सांगा, तेवढ्या ओरड्याचीही सवय व्हावी.

वर सांगितलेल्या मुलाने हेच केलं. क्लीनरही रोज सोबत होता, शिटी त्याच्या गळ्यात. पंधरवड्याने साखरेची खेप निघाली तेव्हा आम्ही मुद्दाम त्याच्या गाडीत बसलो. घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी त्याने सगळ्या ड्रायव्हरांसारखं नाणं टाकलं, आम्ही काही बोललो नाही. गोदामाच्या फाटकापाशी तो उतरला, क्लीनरला घेऊन धक्क्यापर्यंत चालत गेला, एक खड्डा आणि डाव्या अंगाचा एक खांब बघून आला. मग गाडी घेतली. पहारेकरी ओरडायला लागला तसा त्याने हात बाहेर काढून गाडी थांबवली, तो गप्प होईपर्यंत थांबला, आणि पुन्हा शिटीवर लक्ष दिलं. तीनदा गाडी पुढं घ्यावी लागली. सगळं मिळून बारा-एक मिनिटं गेली.

खाली उतरल्यावर ओशाळून म्हणाला, "तीनदा पुढं घ्यावी लागली, साहेब."

आम्ही विचारलं, "कुणाला लागलं का?"

"न्हाई."

"पोतं फुटलं का?"

"न्हाई."

"मग तीनदा घेतली काय नि तेरादा घेतली काय."

क्लीनर खांबाशेजारी उभा राहून ताडपत्रीची घडी घालत होता. त्या जागेवरून तो आरशात पूर्ण दिसत होता, हे आम्ही मुद्दाम पाहिलं. गाडी अजून त्यांच्याच दारात आहे आणि हप्ते चालू आहेत. अजूनही डाव्या बाजूने घ्यायची वेळ आली तर तो आधी उतरून बघतो. बघितलंच पाहिजे.

आपण काय करावं

पहिली गोष्ट घरच्यांची. पोरगं गप्प झालं, भाडं टाळायला लागलं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी विचारा. आणि गाडी घेऊन देताना हप्त्याचा हिशोब करता तसा पंधरा दिवसांच्या सरावाच्या डिझेलचाही हिशोब धरा. एका आदळलेल्या फाळक्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट जुन्या ड्रायव्हरांची. नवखा गाडी लावत असेल तर हसू नका आणि कडेला राहून ओरडू नका. मदत करायचीच असेल तर एकाने पुढं व्हा, बाकीच्यांना गप्प करा. तुमच्या पहिल्या वर्षी कुणीतरी हेच केलं असेल.

तिसरी गोष्ट कारखान्याची. आपल्या साखर गोदामाच्या धक्क्यापुढं पिवळ्या रेघा ताज्या असाव्यात, धक्क्याला रबरी ठोकळे असावेत, शिटीचा माणूस ठरलेला असावा, आणि पट्टा पडल्यावर ऊस आवाराचा एक कोपरा सभासदांच्या मुलांना सरावासाठी सकाळी मोकळा मिळावा, अशी आमची सूचना आहे. यात खर्च फारसा नाही. ज्यांना ही सोय हवी आहे त्या सभासदांनी आपल्या गट कार्यालयात नाव द्यावं, म्हणजे व्यवस्थापनापुढं किती घरांचा प्रश्न आहे ते मांडता येईल.

ट्रक ही लोखंडाची वस्तू आहे, वाकली तर ठोकून सरळ करता येते. तिच्या आणि भिंतीच्या मधे उभा असलेला मुलगा कुणाच्या तरी घरचा असतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्याच गावचा असतो. मागं घ्यायला लागणाऱ्या दहा मिनिटांचं भाडं कुणी देत नाही हे खरं आहे. तरीही ती दहा मिनिटं द्या.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट आणि पाणी यांविषयी.

— ऊस विकास अधिकारी